विनताबाईंची न केलेली सही

विनता दाणी यांना कुणालाही तोंडावर नाही म्हणता येत नाही, हे जबलपुरात अधारतालपासून नेपियर टाउनपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ज्याला ज्याला त्याचा फायदा घेता येतो तो तो घेतो. शाळेत कुणी रजेवर गेलं की तिचे तास विनताबाईंच्या गळ्यात. स्नेहसंमेलनात पडदा ओढायला माणूस कमी पडला की विनताबाई पदर खोचून दोरीशी उभ्या. एकदा शेजारची मंडळी तीर्थयात्रेला जाताना पोपटाचा पिंजरा त्यांच्याकडे ठेवून गेली आणि परत आल्यावर न्यायचं सोयिस्करपणे विसरली. तो पोपट अजून त्यांच्या गॅलरीत आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हिंदीत शिव्या देतो.

नाही म्हणायची वेळ आलीच तर बाई म्हणतात, "बघते." ऐकणाऱ्याने त्यातून काय घ्यायचं ते घ्यावं. बहुतेक लोक होकारच घेतात.

दाणींचं घराणं भोसल्यांच्या चाकरीत जबलपूरला आलं आणि इथलंच झालं. आता घरात मराठी, दारात हिंदी, आणि भांडण झालं की दोन्ही. नवरा अनुपम यांची नोकरी खाजगी कंपनीतली, आज आहे उद्या नाही अशा जातीची. मुलगी यशश्री बारावीला. म्हणजे घर उभं होतं ते विनताबाईंच्या नोकरीवर. नेपियर टाउनमधल्या एका जुन्या ट्रस्टच्या शाळेत त्या एकोणीस वर्षं गणित शिकवत होत्या. सुरुवातीच्या वर्गातल्या मुलींची मुलं आता त्यांच्या वर्गात येऊन बसू लागली होती, आणि "माझ्या मम्मीला पण तुम्हीच मारलं होतं का?" असं विचारत होती. बाईंनी कधी कुणाला मारलं नव्हतं, पण त्या प्रश्नाने त्यांचा दिवस चांगला जायचा. शाळेत आपण जुन्या आहोत, याचा त्यांना फार अभिमान होता. दुसरा कसला अभिमान धरायची त्यांना सवयच नव्हती.

नोव्हेंबरात ट्रस्टचे सचिव विष्णुपंत यांनी त्यांना खोलीत एकटीला बोलावलं. विष्णुपंत म्हणजे त्यांच्या वडिलांचे मित्र. बाईंना ही नोकरी त्यांनीच लावून दिली होती. त्यांना त्या काका म्हणत, आणि अशा माणसासमोर खुर्चीवर सुद्धा त्या अर्ध्याच बसत.

"हे बघ बेटा," विष्णुपंत म्हणाले, "शाळा आता आपल्याच्यानं चालून नाही राहिली. बाहेरची कंपनी येऊन राहिली, पैसा लावून राहिली. त्यांचा फक्त हा एक कागद आहे. सगळ्यांच्या सह्या झाल्या, तूच उरली."

"सगळ्यांच्या, काका?"

"तर! चलो, हा घे पेन."

विनताबाईंनी कागद वाचला. गणिताची बाई, ती वाचल्याशिवाय कशी राहणार? मी स्वेच्छेने राजीनामा देत आहे, असं वर लिहिलं होतं, आणि खाली एक एप्रिलपासून अकरा महिन्यांची नवी नेमणूक. पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही, ते कंपनी ठरवणार.

"म्हणजे मी नवीन लागणार?"

"कागदावर नवीन गं. आपल्यासाठी तूच जुनी. कोण नाही म्हणून राहिलं?"

काकांचे उपकार एकीकडे आणि 'स्वेच्छेने' हा शब्द एकीकडे. शेवटी त्या म्हणाल्या, "बघते, काका," आणि कागद पर्समध्ये घालून बाहेर पडल्या.

पुढचे दोन महिने विष्णुपंतांनी पिच्छा सोडला नाही. कधी फोन, कधी निरोप. एकदा ते घरीच आले, पोहे खाल्ले, पोपटाच्या शिव्या हसून ऐकून घेतल्या आणि जाता जाता अनुपमरावांना म्हणाले, "पुढच्या सत्रात तास कोणाला द्यायचे, ते आता नवीन लोकंच ठरवतील. आधी ज्यांच्या सह्या, आधी त्यांचं नाव. समजावा हिला."

"करून टाक ना," अनुपमराव त्या रात्री जेवताना म्हणाले. "सगळ्यांनी केली म्हणतात. तू एकटीच काहून अडून राहिली?"

हे 'एकटीच' बाईंना खाऊ लागलं. सगळ्या शहाण्या, सगळ्यांनी केली, मग आपल्यालाच काय सोनं लागलंय? शाळेत त्यांनी या गोष्टीचा शब्द काढला नाही. स्टाफरूममध्ये कुणी कागदाचं बोलणं काढलं की त्या वह्यांचा गठ्ठा उचलून वर्गाकडे निघत. आपणच एकट्या हटवादी निघालो, हे चारचौघींत कळू नये, असं त्यांना वाटे. आणि विचारणार तरी कुणाला? शाळा दोन पाळ्यांत भरते. प्राथमिकच्या बायका सकाळी, माध्यमिकच्या दुपारी. फाटकात येता-जाता नमस्कार व्हायचा, तेवढीच काय ती ओळख. विष्णुपंतांना हे पक्कं माहीत होतं, म्हणून तर ते एकेकीला बोलवत होते.

सगळं त्यांच्या मनासारखं चाललं होतं, आणि मग त्यांना एक फारच हुशारीची कल्पना सुचली.

दरवर्षी संक्रांतीनंतर त्यांच्या पत्नी मीनाक्षीकाकू हळदी-कुंकू करत. मंडळातल्या पंधरावीस बायका यायच्या. या वर्षी विष्णुपंत म्हणाले, शाळेतल्या सगळ्या शिक्षिकांना बोलव. घरचं वातावरण, तिळाची वडी, अत्तर, आणि निघता निघता बाहेरच्या खोलीत एकेक सही. घरी बोलावून ओटी भरल्यावर कोण नाही म्हणणार? काकूंना कागदाचं काहीच ठाऊक नव्हतं. नवऱ्याला आपल्या हळदी-कुंकवाचं कौतुक वाटू लागलं, याचाच त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी वाणासाठी चाळीस चाळण्या आणल्या. दोन पाळ्यांना दोन वेगळे दिवस बोलवू या, असं विष्णुपंत सुचवून पाहत होते. काकू म्हणाल्या, "दोनदा मसाला दूध कोण आटवून राहिलं? सगळ्यांना रविवारीच बोलवा." तिथे पंत फसले.

रविवारी दुपारी विनताबाई गेल्या तेव्हा सतरंज्या भरून गेल्या होत्या. एरवी कधी न भेटणाऱ्या बायका गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या. थंडी कडक, त्यामुळे साड्यांवर स्वेटर. हिंदी घरातल्या बाया हळदी-कुंकू म्हणजे काय ते एकमेकींना चुकीचं समजावत होत्या. बाहेरच्या खोलीत विष्णुपंत फाइल घेऊन बसलेले विनताबाईंनी येतानाच पाहिले होते.

त्यांच्याच दुपारच्या पाळीला विज्ञान शिकवणारी शरयू शेजारी होती. तिने दुधाचा पेला खाली ठेवला आणि जरा रुसूनच म्हणाली, "दीदी, तुम्ही पहिल्याच झटक्यात सही करून टाकली? मी म्हटलं, दाणी मॅडमच गेल्या तर आता आपण काय करणार. उद्या मी पण करूनच टाकते."

"मी?" विनताबाई म्हणाल्या. "मी कुठे सही केली?"

"नाही केली?"

"नाही गं. मला तर सांगितलं, तुम्ही सगळ्यांनी केली, मीच उरले."

पलीकडून प्राथमिकच्या रजनी दुबे वळल्या. "अरे! हमसे तो कहा, सबसे पहले दाणी मैडम ने किया!" मग तिसरी, मग चौथी. प्रत्येकीला तेच सांगितलं होतं, आणि प्रत्येक वेळी नाव विनता दाणींचं.

काका खोटं बोलले, हे वाईट होतंच. पण विनताबाईंना त्याहून जास्त लागलं ते दुसरंच. या चाळीस बायांपैकी एकीलाही ते खोटं वाटलं नव्हतं. दाणी मॅडम ना? केली असेल सही, त्या कुठे नाही म्हणतात! आपल्या भिडस्तपणाला लोक चांगुलपणा म्हणतात, अशा समजुतीत त्या इतकी वर्षं होत्या. तो चांगुलपणा कुणीतरी हत्यार म्हणून वापरला होता.

"मी केली," कोपऱ्यातून आवाज आला. दोन वर्षांपूर्वी लागलेली दुर्वा. हातातली तिळाची वडी तिने तशीच धरलेली. "मला म्हणाले, दाणी मॅडमसारख्या सीनियर टीचरला चालतं, मग तुला काय प्रॉब्लेम आहे? मी... परवा करून दिली, दीदी." आणि ती रडायलाच लागली.

इतक्यात काकू चाळण्यांचं ताट घेऊन वाण लुटायला आल्या. पहिला मान शाळेत जुन्या म्हणून विनताबाईंचा. काकूंनी हळद लावली, कुंकू लावलं, अत्तराचा हात मनगटावर फिरवला आणि चाळणी पुढे केली. विनताबाईंनी हात मांडीवरून उचलला नाही.

"काकू, मी वाण नाही घेणार."

काकू हसल्या. "काहून गं? चाळणी आहे का तुझ्याकडे? थांब, डबा देते."

"डबा नको. दुर्वाचा कागद द्या. तो बाहेर काकांच्या फाइलमध्ये आहे. आज मला तेवढंच वाण द्या."

हे आपण बोललो, यावर विनताबाईंचाच विश्वास बसत नव्हता. काकूंना काही उमजेना, तेव्हा शरयूने चार वाक्यांत सगळं सांगितलं, आणि त्यांच्या हातातली चाळणी घेऊन परत ताटात ठेवून दिली. रजनी दुबेंना त्या रिवाजाची काही माहिती नव्हती, पण त्यांनीही ताटाकडे पाठ फिरवली. एकेक करून सगळ्यांनी हात मागे घेतले.

काकूंचा चेहरा उतरला. संक्रांतीचं हळदी-कुंकू, आणि घरातून चाळीस बाया वाणाशिवाय जाणार! तीस वर्षांत असं झालं नव्हतं. असल्या गोष्टीला हसणाऱ्याने हसावं, पण ज्या बाईने महिनाभर या दिवसाची तयारी केली तिला तो घरावरचा घाव होता. त्या ताट घेऊनच बाहेरच्या खोलीकडे गेल्या.

"अहो, माझ्या हळदी-कुंकवात तुम्ही हे काय करून ठेवलं?"

विष्णुपंत उंबऱ्यापर्यंत आले आणि तिथेच थांबले. आत बायांचा समारंभ, पुढे पाऊल टाकता येईना.

"विनता," ते म्हणाले, "तू? तुझ्याकडून मला ही अपेक्षा नव्हती बेटा."

हे वाक्य त्यांनी महिनाभरापूर्वी ऐकवलं असतं तर बाईंनी तिथल्या तिथे सही केली असती. आता त्या उठल्या.

"काका, मी सही करणार नाही. एकोणीस वर्षं माझी आहेत, ती मी स्वेच्छेने नाही देणार. आणि मी केली, असं यापुढे कोणाला सांगू नका."

"आणि शाळा बुडली तर? तुम्हाला काय वाटतं, मला हौस आहे?" म्हाताऱ्याचा आवाज कापला. ते ढोंग नव्हतं. शाळा वाचावी, असं त्यांना मनापासून वाटत होतं. फक्त ती कुणाच्या जिवावर वाचवतो आहोत, ते पाहायचं त्यांनी सोडून दिलं होतं.

"बुडून राहिली असेल तर सगळ्यांना एकत्र बसवून सांगा. आम्ही ऐकू. काही सोसायचं असेल तर तेही सोसू. पण एकेकीला खोलीत बोलवून नाही."

काकूंनी नवऱ्यापुढे हात पसरला. "द्या तो कागद."

"अगं, असं नाही चालत..."

"द्या म्हणते ना!"

विष्णुपंतांनी फाइल उघडली. कागद काकूंच्या हातात आला, काकूंनी तो चाळणीत ठेवून विनताबाईंना दिला आणि विनताबाईंनी दुर्वाला. दुर्वाने त्याचे इतके तुकडे केले की मोजायची सोय राहिली नाही. मग काकूंनी पहिल्यापासून वाण लुटायला सुरुवात केली. विनताबाईंपाशी आल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "मला खरंच माहीत नव्हतं हो." विनताबाईंनी वाकून नमस्कार केला. काकूंवर त्यांचा राग नव्हता. काकांवर होता, आणि काकांवर रागावता येतं हे आज पहिल्यांदाच कळलं होतं.

संध्याकाळी दुर्वा त्यांच्याबरोबर फाटकाबाहेर आली. तिला विजय नगरला जायचं होतं, पण स्कूटर सुरू न करता ती उभीच राहिली.

"दीदी, मी तुम्हाला एकदा विचारायला पाहिजे होतं."

"तू कशाला? मीच सांगायला पाहिजे होतं," विनताबाई म्हणाल्या. "दोन महिने तोंड शिवून बसले. मी गप्प बसले म्हणून तर त्यांना माझ्या नावावर वाटेल ते खपवता आलं."

मग त्यांना आठवलं, हळदी-कुंकवाला पुरुष नव्हते. शाळेत सात-आठ सर होते, आणि त्यांनाही एकेकट्यानेच बोलावलं असणार. विनताबाईंनी रस्त्याच्या कडेला उभं राहून फोन काढला. आपण होऊन कुणाला फोन करायचा तर त्या आधी दहादा विचार करत. आज त्यांनी थेट इतिहासाच्या आल्हाद सरांचा नंबर लावला.

"सर, विनता दाणी बोलून राहिले. तुम्ही तो कागद सही करून दिला का?"

"उद्या देणार आहे, मॅडम," सर ओशाळून म्हणाले. "आम्हाला सांगितलं की तुम्ही..."

"काय सांगितलं ते मला माहीत आहे," विनताबाई म्हणाल्या. रस्त्यावर ऑटोंचा गोंगाट होता, म्हणून त्या चांगल्या मोठ्याने बोलल्या. "ते खोटं आहे. मी सही केलेली नाही, आणि करणार नाही."