इंटरनेट खणायला निघालो: नाशिक ते सुरगाणा

"इंटरनेट जमिनीखालून येतं," असं माझी भाची इरा पाचवीच्या वर्गात म्हणाली आणि अख्खा वर्ग खो खो हसला. घरी येऊन ती रडली. वायफाय अडलं की बंद करून चालू करणारा घरातला तज्ज्ञ मी. मामा म्हणून समजूत काढायची, तर मीही हसलो. "अगं, मोबाईलला वायर दिसते का? टॉवरवरून येतं ते, हवेतून!"

पोरगी पेटली. "पैज! सोमवारी वर्गात पुरावा दाखवणार. हरलास तर तुझा मोबाईल आठवडाभर माझा."

शनिवारी सकाळी मिसळ हाणून, टॉवर जवळून दाखवायला इराला घेऊन सुरगाण्याकडे गाडी काढली. दिंडोरीपर्यंत रस्ता मस्त, वणीनंतर वळणंच वळणं. पेट्रोल वणीतच भरा आणि खिशात सुट्टे ठेवा. पुढे रेंज गेली की टपरीवाला आणि तुम्ही एकमेकांची तोंडं बघत बसता.

वाटेत मी ज्ञान पाजळलं. आमच्या लहानपणी इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं, तेही किंचाळत. नेट लावलं की घरचा फोन बंद. दहावीचा निकाल बघायला सायबर कॅफेत ही रांग!

"म्हणजे तारेतूनच यायचं ना?" इरानं बरोब्बर पकडलं. मी गाणी लावली.

सुरगाण्याच्या अलीकडे टॉवर दिसला. मी विजयी मुद्रेनं वर बोट दाखवलं, इरा खाली बघत होती. रस्त्याकडेला माणसं चर खणत होती आणि त्यात भगवी नळी टाकत होती.

"मावशी, हे काय?"

चर खणणारी एक बाई, नाव हिराबाई, कुदळ टेकून म्हणाली, "नेट हाय बाई. नळीतून काचेची तार जाती, केसावानी बारीक. तिच्यातून उजेड पळतो म्हनं."

"आणि टॉवरला?"

"टॉवरलाबी हीच. नायतर तो नुसता खांब."

झालं, मामा भुईसपाट! मुकादमानं तारेचा एक तुकडा इराला दिला. ती हिराबाईशेजारी बसली, तिच्याच डब्यातली नागलीची भाकरी खाल्ली, वर्ग कसा हसला तेही सांगितलं.

"तुमच्याकडे नेट लय फास्ट असेल ना?"

हिराबाई पोट धरून हसली. "आमच्या पाड्यावर? लेक नाशिकला होस्टेलात हाय. तिला फोन लावाया त्या टेकाडावर चढते मी."

"मग आधी तिकडे का नाही खणत?"

मुकादमाला एकाएकी नकाशात काहीतरी सापडलं. निघताना इरानं हिराबाईला नंबर दिला. माझाच, अर्थात.

सोमवारी वर्गात बाईंनी विचारलं, इंटरनेट कुणी बनवलं? इरानं तारेचा तुकडा वर धरला. "परदेशातल्या शास्त्रज्ञांनी, लांबलांबचे कॉम्प्युटर जोडायला. पण इथे पुरलं हिराबाईंनी. त्यांच्या घरी अजून पोचलं नाही." तुकडा वर्गभर हातोहात फिरला म्हणे.

हे मी ताईच्या कॉम्प्युटरवर लिहितोय, कारण मोबाईल जप्त आहे. सोमवारीच संध्याकाळी तो वाजला. इरानं स्पीकर लावला. आधी नुसती धाप ऐकू आली, मग हिराबाईचा आवाज.

"काय गं पोरी, हसली का शाळा?"

एवढं विचारायला ती टेकाड चढली होती.

"नाही मावशी," इरा म्हणाली, "कुणीच नाही हसलं."

मी मात्र हसलो होतो. मला लाज वाटली, फोन मागायचं धाडस झालं नाही.