वीस मिनिटांचा सरळ रस्ता

लेकीच्या कोचनं सांगितलं होतं, वीस मिनिटं जीव तोडून सायकल मारायची. मध्ये थांबायचं नाही, पाय ढिला पडू द्यायचा नाही. शेवटी सायकलवरच्या छोट्या यंत्रात पायांच्या जोराचा जो आकडा येईल तो त्यांना कळवायचा. त्यावरून तिला निवड शिबिराला बोलवायचं की नाही, ते ठरणार होतं. अट एकच. रस्ता सपाट हवा आणि वाटेत सिग्नल नको.

बडोद्यात असा रस्ता शोधणं म्हणजे दिव्यच. कारेलीबागेत आमच्या सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडलं की क्लासला निघालेल्या पोरांच्या स्कूटरी. रिंगरोडवर गायी ठाण मांडून बसलेल्या. गोत्रीच्या पुढे जरा बरं वाटलं, तर लग्नकार्यांच्या पार्टी प्लॉटच्या उष्ट्यावर पोसलेली कुत्री तिच्या मागे लागली. नवरा रेल्वेत, त्या आठवड्यात त्याची ड्युटी बाहेरगावी. तेव्हा ती सायकलवर आणि मी स्कूटरवर, अशा दोघीच रस्ता हुडकत फिरत होतो.

तो शनिवारी संध्याकाळी सापडला. मही नदीच्या बाजूला, शेतांमधून गेलेला, काळाभोर, पट्टीनं आखल्यासारखा सरळ. तो सुरू होतो तिथे चहाची टपरी होती. मी टपरीवाल्याला गुजरातीत विचारलं, "इकडे गाड्यांची वर्दळ असते का?"

तो पातेल्यातून मान वर न काढताच म्हणाला, "त्यां तो शांती छे, बेन. एकदम शांती."

शांतता होतीच. समोरून एकही वाहन आलं नाही. टिटव्या रस्त्याच्या मधोमध बसल्या होत्या, स्कूटर अगदी अंगावर येईपर्यंत हलत नव्हत्या. दोन्ही कडांचं गवत डांबरावर सरकत आलं होतं. एवढा नवा रस्ता, पण त्यावर टायरचे वण नव्हते.

आम्ही एका बंद पंपघरापर्यंत गेलो आणि अंतर मोजलं. तिनं आजवर वीस मिनिटांत जेवढं कापलं होतं त्यापेक्षा ते जास्तच भरलं. अंधारून आलं होतं, तिथूनच परत फिरलो.

"आई, याहून चांगला रस्ता मिळायचा नाही."

"पण इतका मोकळा कसा गं?"

"तुला मोकळंही चालत नाही आणि गर्दीही चालत नाही," ती हसून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडता उजाडता तिथे पोचलो. आमचं ठरलं होतं, मी मागे राहायचं आणि मागून गाडी आली तर दोनदा हॉर्न द्यायचा. म्हणजे ती न बघता डाव्या कडेला होणार. तिनं यंत्राचं बटण दाबलं, मान खाली घातली आणि निघाली.

त्या दिवशी गार वारा आमच्या पाठीवर होता. ती अशी सुटली की स्कूटरचा काटा बघून माझा विश्वास बसेना. सुरुवातीला मला कौतुक वाटलं. मग समोर पंपघर दिसलं. ते मागेही पडलं. तिची वेळ मात्र अजून संपली नव्हती. आम्ही पाहिलेला रस्ता तिथे संपला होता.

पुढे काही वेगळं दिसत नव्हतं. तसाच काळा रस्ता, तशीच शेतं. मग विजेचे खांब डावीकडे वळून निघून गेले. मधली पांढरी रेघ नाहीशी झाली. कडेला कुणीतरी मोठे दगड ढकलून ठेवले होते. आणि तिच्या डोक्यावरून पलीकडे मला बाभळी दिसल्या. नुसते शेंडे. खोडं नव्हती. शेंडे रस्त्याच्या पातळीला होते.

मी हॉर्न दाबला. ती शहाण्यासारखी डाव्या कडेला झाली आणि आणखी जोरात पाय मारू लागली.

मी ओरडले, पण वाऱ्यात ते माझं मलाच ऐकू आलं नाही. मग स्कूटर पिळली, तिच्या पुढे गेले आणि आडवी घातली. सायकल स्कूटरवर आदळली. ती खांद्यावर पडली, मीही पडले.

"वेड लागलंय का तुला?" ती रडत ओरडत होती. "थोडंच राहिलं होतं, आई!"

मी पुढे बोट दाखवलं.

ती खांदा धरून उठली आणि दोघी चालत पुढे गेलो. डांबर होतं तिथवर होतं, मग काही नव्हतं. सिमेंटमधून लोखंडी गज बाहेर आलेले, आणि खाली कोतर, महीकाठी जमीन फाटून होतात तसली खोल घळ. पूल बांधायचाच राहिला होता. खाली झुडपांत एक मोटरसायकल उलटी पडली होती, पार गंजलेली. ती कुणाची, कधी पडली, मला अजून ठाऊक नाही. लेकीनं एकदा खाली पाहिलं आणि माझा हात घट्ट धरला.

तिच्या एका हातानं आणि माझ्या दोन हातांनी आम्ही ते दगड रस्त्यावर लोटले, त्यांवर बाभळीच्या वाळक्या फांद्या ओढून टाकल्या. येताना टपरीवाल्याला सांगितलं, पुढे रस्ता तुटलाय, लोकांना सांगत जा.

तो कप विसळत म्हणाला, "खबर छे, बेन. अहीं बधाने खबर छे." इथे सगळ्यांना माहीत आहे.

लेकीला घेऊन मी तडक दवाखाना गाठला.

तिच्या खांद्याचं हाड मोडलं होतं. त्या वर्षीचं शिबिर गेलं. हाड जुळल्यावर तिनं ती परीक्षा सोसायटीच्या हॉलमध्ये दिली, सायकल स्टँडवर चढवून, भिंतीकडे तोंड करून. आकडा चांगला आला, तिला बोलावणंही आलं. आता ती पुन्हा रस्त्यावर सराव करते. मी सोबत असते, पण स्कूटर तिच्या पुढे ठेवते. ती कुरकुरते, "आई, तू समोर असलीस की मला काही दिसत नाही." मी ऐकत नाही.