मामाची अमेरिकन आणि ताईचं रुखवत

जुन्या अमेरिकन गाड्यांबद्दल कुणी हळवं होऊन बोलायला लागलं की मी उठून स्वयंपाकघरात जाते. "काय तो पत्रा, काय त्या सीटा, आता असल्या गाड्या होणे नाही!" नाही होणार, बरंच झालं. माझ्या मामाकडं होती तसली एक. तिच्या मागच्या सीटवर माझ्या ताईच्या संसाराची वाट लागली, आणि ती लावण्यात माझाही हात होता. गाडीच्या कंपनीचं नाव मी लिहीत नाही. त्या नावाचा यात काही दोष नाही.

ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. आम्ही मुलुंडला चाळीत राहायचो: आई, ताई आणि मी. वडील मी लहान असतानाच गेले होते. आईचा धाकटा भाऊ, म्हणजे मामा, दोन खोल्या सोडून पलीकडं राहायचा. भांडुपच्या एका कारखान्यात फोरमन होता, लग्न केलं नव्हतं, आणि आमचं घर त्याच्यामुळं उभं होतं. हे आई आम्हाला रोज ऐकवायची. मामा स्वतः कधी ऐकवायचा नाही, हे मात्र खरं.

मामाचं लग्न लागलं होतं ते त्या गाडीशी. चाळीच्या मागच्या मोकळ्या जागेत ती उभी असायची, फिक्या हिरव्या रंगाची, एवढी लांब की पोरं तिच्याभोवती लपाछपी खेळायची. रविवारी मामा तिला पुसायला बसला की त्याचं पुराण सुरू. अमेरिकेत ही कंपनी म्हणे आधी दुसऱ्यांच्या गाड्यांना सुटे भाग पुरवायची, मग इरेला पेटून स्वतःच गाड्या करायला लागली. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत हिचे भाग खोक्यांतून मुंबईच्या बंदरात उतरायचे आणि इथंच कारखान्यात जोडणी व्हायची. पुढं सरकारनं परदेशी गाड्या बंद केल्या. ज्यांच्याकडं होत्या त्यांनी त्या कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडून भाग आणून जगवल्या. "तीस वर्षं झाली गो बाय, अजून इंजिन बघ, आवाज आहे का?" मामा म्हणायचा. आवाज होता. पण बोलायची सोय नव्हती.

आधीच्या मालकांचे अभिप्राय तर त्याला तोंडपाठ होते. पहिला मालक वांद्र्याचा एक डॉक्टर. तो म्हणे सांगायचा, ही गाडी नाही, पलंग आहे. दुसरा विलेपार्ल्याचा कंत्राटदार. त्याची बायको गाडी गल्लीच्या बाहेर पडायच्या आत घोरायला लागायची. मामाला याचा भारी अभिमान. आमच्या चाळीतली कुणीही बाई त्या गाडीतून ठाण्याला जाऊन आली की मामा पहिला प्रश्न विचारायचा, "झोप लागली की नाही?" आणि तिनं हो म्हटलं की याची कॉलर ताठ.

मला झोप लागायची नाही. माझं डोकं धरायचं, कानात गूं गूं व्हायचं, आणि घरी आल्यावर मी मोरीत ओकायची. "हिला गाडी लागते," आई म्हणायची. "गरिबाची सवय," मामा हसायचा. बसमध्ये मला कधी काही व्हायचं नाही, पण हे मी बोलले की सगळे मिळून माझी टर उडवायचे. मग मी बोलायचं सोडलं.

ताईचं लग्न ठरलं बोरिवलीच्या मुलाशी. बँकेत नोकरी, शांत स्वभाव. ताई त्याला दोनदाच भेटली होती, पण दुसऱ्यांदा भेटून आली तेव्हा उगीचच घरातली सगळी भांडी घासायला काढली. मी चिडवलं तर म्हणाली, "गप गं." खूश होती ती. एवढी खूश मी तिला आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

मार्गशीर्षातलं लग्न, मुलुंडच्याच हॉलमध्ये. कन्यादान मामानं केलं. वरात जायची ती ठाण्यावरून घोडबंदरच्या रस्त्यानं. मुलाकडची मंडळी बसनं पुढं निघाली. नवरा-नवरी मामाच्या गाडीतून, आणि ताईची पाठराखीण म्हणून मी. तिथं ताई रुळेपर्यंत दोन दिवस तिच्यासोबत राहायचं होतं.

आता रुखवत. आमच्यात रुखवत नवरीच्या बरोबरच गेलं पाहिजे. मागून पाठवलं तर लोक म्हणतात, हातउसनं आणून मांडलं होतं. आईनं कापसाच्या बाहुल्या, शंखशिंपल्यांचं तुळशीवृंदावन, लाडवांचे डबे, सगळं डिकीत भरायला लावलं. शेवटी आला पितळी हंडा. तो काही मावेना. मामा म्हणाला, "मांडीवर घेऊन बसा." पण आईला तो हंडा दिसायला हवा होता, बोरिवलीच्या त्या अख्ख्या गल्लीला. मग डिकीचं झाकण अर्धं उघडं ठेवून सुंभानं बांधलं. हंडा मागून लखलखत होता. आई दोन पावलं मागं जाऊन बघून आली आणि म्हणाली, "झकास."

मग ती खिडकीशी वाकली. त्या रस्त्याला खाणींचे ट्रक चालतात, धूळ उडते, ताईचा शालू आणि केस खराब होतील, म्हणून मागच्या दोन्ही काचा पार वर करायला लावल्या. "घरात पाऊल टाकेपर्यंत उघडू नका," ती मला म्हणाली. रडत होती, पण हे सांगायला विसरली नाही.

मी आणि ताई मागं. भावोजी पुढं, मामाच्या शेजारी. नवरदेवानं नवरीजवळ बसायचं, पण मामानं त्यांना सकाळीच कबूल केलं होतं की मोकळा रस्ता लागला की अमेरिकन गाडी हातात देईन. ते लहान मुलासारखे पुढं जाऊन बसले. पुढच्या दारांच्या तिकोनी काचा उघड्या होत्या. त्यांना वारा लागत होता.

ठाणं सुटलं आणि माझं डोकं धरलं. आज नेहमीपेक्षा जास्त. मागून एक उग्र वास येत होता, सीटच्या फटीतून आल्यासारखा. ताईला म्हटलं, "तुला वास येतोय का गं?" ती म्हणाली, "गजऱ्यांचा असेल." तिचे डोळे जड झाले होते. दोन दिवस जागरण, सकाळपासून उपास. तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.

"झोपली काय?" मामानं आरशातून पाहिलं. "बघा जावईबापू, म्हटलं नव्हतं?"

दोघंही हसले. मलाही बरं वाटलं, खरं सांगते. वाटलं, दमलीय बिचारी, झोपू दे.

खाणीच्या अलीकडं गाडीच्या रेडिएटरमधलं पाणी उकळलं. मामानं गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडलं. इंजिन बंद केलं नाही, कारण बंद केलं तर परत चालू होईल याची खात्री नव्हती. भावोजी डबा घेऊन दूरच्या झोपड्यांकडं पाणी आणायला गेले. मी ताईचं डोकं सीटला टेकवलं, कशीबशी दार उघडून उतरले आणि गाडीच्या मागं जाऊन भडाभडा ओकले. पाय लटपटत होते. मामा धावत आला, रुमालानं माझं तोंड पुसलं. "काय गो, काय झाला?"

"मामा, आत कसलातरी वास येतोय. डोकं फुटतंय माझं."

"गाडी लागली तुला. पुढं बस आमच्यामध्ये. जावयाला बोलू नको हां, म्हणतील यांच्या पोरीनं गाडी घाण केली."

मी पुढं बसले. वाऱ्यानं बरं वाटायला लागलं. भावोजींना पाणी घेऊन यायला बराच वेळ लागला. तेवढा वेळ इंजिन चालू होतं आणि ताई एकटी, बंद काचांच्या आत, मागं. मी एकदा वळून पाहिलं. तिचे गाल लालबुंद झाले होते. किती छान दिसतेय, असं माझ्या मनात आलं. असं मनात आलं याची मला आजही लाज वाटते.

पुढं मामानं स्टेअरिंग भावोजींच्या हाती दिलं. ते हळूहळू चालवत होते, अगदी बैलगाडीसारखी. मामा त्यांना शाबासकी देत होता. मी मागं बघायचं विसरून गेले.

बोरिवलीला पोचलो तेव्हा दिवे लागत होते. सासूबाई दारात ताट घेऊन उभ्या, उंबऱ्यावर तांदळाचं माप. गल्लीतल्या बायका हंडा बघत होत्या. मामानं मागचं दार उघडलं आणि हाक मारली. ताई उठेना. हलवलं तर ती बाहेरच्या अंगाला घसरली आणि बायकांनी तिला धरलं. शालू ओला झाला होता. तोंडातून लाळ येत होती. कुणीतरी ओरडलं, "अगो, हिला फिट आली!"

एवढा एक शब्द पुरला.

डॉक्टर आला, इंजेक्शन झालं, ताई शुद्धीवर आली. पण दोन दिवस तिला धड उभं राहता येईना, कुणी काय विचारलं ते कळेना. सासूबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "खरं सांग, हिला आधीपासून येतात ना?" मी नाही म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नाही. तिसऱ्या दिवशी माझ्यासोबत ताईलाही माहेरी पाठवलं, आराम करायला म्हणून. असा आराम म्हणजे काय, ते चाळीत सगळ्यांना कळत होतं.

त्याच आठवड्यात मामा गाडी घेऊन कुर्ल्याच्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडं गेला. मी घरात तोंड पाडून बसते म्हणून आईनं मलाही पाठवलं. मिस्त्री गाडीखाली शिरला, बाहेर आला, डिकीच्या तळाला बोट फिरवून काळी काजळी दाखवली. "साइलेन्सर सड गया है साब. डिकी खुली रखके चलाया क्या? पूरा धुआं अंदर खिंचता है. पीछे बैठा आदमी सो गया तो उठेगा नहीं."

 परत येताना भांडुपजवळ गाडी थांबवून मामा स्टेअरिंगवर डोकं ठेवून बसला. मग म्हणाला, "आवशीक सांगू नको. आईलाच काय, कोणाकच सांगू नको. पोलीस झाले तर माझी नोकरी गेली, मग तुमचं कोण बघणार? चार दिवसांत सगळं निवळेल, ताई जाईल तिच्या घरी."  मी चौदा वर्षांची होते. मी मान हलवली.

निवळलं नाही. पंधरा दिवसांनी भावोजी आणि त्यांचे वडील आमच्याकडं बोलायला आले. माणसं वाईट नव्हती, हेच तर दुखतं. वडील म्हणाले, "आमच्या डॉक्टरांचं म्हणणं आहे, गाडीतला धूर आत आला तरी असं होतं. तसं असेल तर मुलीत काही खोट नाही, आम्ही आजच घेऊन जातो." भावोजी पुढं सरकून बसले. ताई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. वडिलांनी मला जवळ बोलावलं. "पण धूर असता तर तुलाही त्रास झाला असता ना, बाळ? खाणीपर्यंत तूही मागंच होतीस. तुला काही झालं होतं का?"

मामा माझ्याकडं बघत नव्हता. पायाच्या अंगठ्यानं फरशी खरवडत होता.

"नीट आठव," भावोजी म्हणाले. "घाई नाही."

"मला काही नाही झालं," मी म्हणाले. "मला गाडी कधीच लागत नाही."

आई पोह्यांच्या बश्या घेऊन आत येत होती. त्या गाडीतून आले की मी मोरीत ओकायची ते तीच साफ करायची. ती थांबली. मला वाटलं, आता बोलेल. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग भावाकडं पाहिलं, आणि बश्या खाली ठेवून म्हणाली, "घ्या, गार होतायत."

ताईला सगळं त्याच क्षणी समजलं. ती रडली नाही, भांडली नाही, आत निघून गेली. भावोजी बराच वेळ त्या रिकाम्या दाराकडं बघत बसले, मग वडिलांच्या मागं जिना उतरून गेले. वर्षाच्या आत लग्न मोडल्याचे कागद झाले.

आणि एकदा फिट म्हटल्यावर ती निभावावी लागली. लोक विचारायला लागले, औषध चालू आहे का? आई तिला दवाखान्यात घेऊन गेली आणि झालेलं सगळं मिस्त्रीचं बोलणं वगळून सांगितलं, कारण ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि तिनं विचारलंही नव्हतं. गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी ताईला गुंगी यायची, हिरड्या सुजायच्या. कितीतरी वर्षं रोज संध्याकाळी ती गोळी आणि पाण्याचा पेला मी तिच्यासमोर धरायची. तिला काही झालेलं नाही हे मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. ती माझ्या हातातून गोळी घ्यायची, माझ्याकडं बघत गिळायची, आणि पेला परत द्यायची.