शेजारच्या घरातली बंदूक

मुलगी अमेरिकेत शहर सोडून एका खेड्यात राहायला गेली, तेव्हा मी आधी आकडे पाहिले. तिथे शहरांपेक्षा खेड्यांत बंदूक बाळगणाऱ्यांचं प्रमाण दुपटीहून जास्त आहे. नात शेजारी खेळायला जाते, हे मला ठाऊक होतं. मी मुलीला म्हटलं, "पाठवण्याआधी घरात बंदूक आहे का, ते त्यांना विचारून घे."

"बाबा, आपल्या जबलपुरात तर तोफा बनतात!"

"बनतात. पण आपल्या गल्लीत कोणाच्या घरी बंदूक नाही."

रविवारी तिचा फोन आला. "विचारलं. दोन आहेत, शिकारीच्या. राग नाही आला त्यांना. कपाटाचं कुलूप दाखवलं, गोळ्या दुसरीकडे ठेवतात तेही सांगितलं. मग आम्हाला जेवायलाच बसवलं."

"किल्ली कुठे असते?"

"त्यांच्या खिशात. काहून इतकी काळजी करून राहिले? आणि आपल्या गल्लीत कोणाकडे नाही, हे तुम्ही कोणाला विचारलं?"

मी कोणालाच विचारलं नव्हतं. शेजारच्यांची आणि आमची भिंत एकच आहे. त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मला ऐकू येतात. पण बायको गेल्यापासून मी त्यांच्या घरात पाऊल ठेवलेलं नाही.

"मग आज जाऊन विचारा," ती हसत म्हणाली.

फोन ठेवून मी चपला घातल्या आणि शेजारच्या दारापर्यंत गेलो. आत सगळे मोठ्याने हसत होते. इतक्या दिवसांनी काय निमित्त सांगावं, ते सुचेना. बेल न वाजवताच मी परत आलो.