भामरागडची ती एक ओळ

प्रफुल पचारे पोंभुर्ण्याजवळच्या एका खेड्यातला. वडील डोमा गावतलावात जाळं टाकायचे. घरात शिकलेला तोच पहिला. संगणकाची पदविका घेऊन दोन हजार पाच साली तो चंद्रपुरात एका लहानशा कंपनीत लागला, आणि पहिलंच मोठं काम त्याच्या वाट्याला आलं: भामरागडकडच्या एका संस्थेच्या दवाखान्यासाठी रुग्णांच्या नोंदींचा प्रोग्राम.

प्रोग्राम जावात होता, स्प्रिंग नावाच्या चौकटीवर. या चौकटीत लागणाऱ्या वस्तू, म्हणजे एकेक काम करणारे कोडाचे तुकडे, आपण बनवायच्या नसतात. कुठल्या हव्यात आणि कोणाला कोण लागतं एवढं सांगायचं. चौकट त्या बनवते आणि एकमेकींच्या हाती देते. प्रफुलनं हे सगळं एका वेगळ्या एक्सएमएल फाइलीत लिहिलं होतं. नोंदी ठेवणाऱ्या वस्तू दोन होत्या. एक सुरू होतानाच चंद्रपूरला फोन जोडून तिथल्या नोंदींशी मेळ घालायची, फोन लागला नाही तर प्रोग्राम सुरूच होत नसे; दुसरी दवाखान्यातल्याच डिस्कवर काम करायची. कोणती घ्यायची हे फाइलीतली एक ओळ ठरवत होती.

पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता जायचा, फोन जायचा. म्हणून त्यानं दवाखान्यात नोंदी टंकणाऱ्या मंगलीबाईंना ती ओळ दाखवून ठेवली होती. नोटपॅडमध्ये उघडायची, एक शब्द बदलायचा, प्रोग्राम पुन्हा सुरू करायचा. दोन पावसाळे बाईंनी ते एकटीनं निभावलं. कागदी कार्डं तोवर बंद झाली होती.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात नागपूरहून भूपेश सर कंपनीत प्रमुख म्हणून आले. वयानं प्रफुलएवढेच, हुशार. स्प्रिंगची नवी आवृत्ती आली होती. आता फाइल नको, कोडात वस्तूचा जो साचा, म्हणजे क्लास, असतो त्याच्या डोक्यावर छोटी खूण केली की चौकट आपणच शोधून घेते.

"आता इतकं एक्सएमएल कोण लिहिते बे?" ते म्हणाले. "सगळं खुणांवर ने."

"सर, नोंदीची वस्तू तेवढी फाइलीत राहू द्या. दोन्ही पद्धती सोबत चालतात. खूण कोडात असते, ते दवाखान्यात कोणाले बदलता येणार नाई."

"अर्धं इथी, अर्धं तिथी? नंतर कोण पाह्यल?"

प्रफुलनं मान हलवली. आणखी एकदा बोलावं असं त्याच्या मनात आलं, पण तो बोलला नाही. आठ दिवसांत त्यानं स्वतःच्या हातानं फाइल काढून टाकली, फोन जोडणाऱ्या वस्तूवर खूण केली आणि नवा प्रोग्राम सीडीवर घालून जूनआधी बसनं भामरागडला पाठवला. मंगलीबाईंना कळवायचं राहून गेलं.

ऑगस्टच्या शेवटी फोन आला. पाणी उतरलं होतं.

"प्रफुलभाऊ, ते फायल कुठी गेली?" मंगलीबाई विचारत होत्या. "मी किती शोधली. फोन बंद होता तं प्रोग्राम चालूच होयेना. सतरा दिवस."

प्रफुलनं विचारलं, "काही अडलं का बाई?"



"इसरूची पोरगी मोनाली गेली. नऊ वर्षांची. सिकलसेलची होती. ताप होता. डॉक्टर नवीन होते. तिले ते सुई चालत नव्हती, आपल्या नोंदीत लिहून होतं. इसरू नदीपल्याड अडकला होता. आत्यानं आणली, तिले माहीत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी प्रफुल सीडी घेऊन भामरागडला गेला. एक्सएमएल फाइल परत बसवली, ओळ तपासली, प्रोग्राम चालू केला. पडद्यावर त्यानं मोनालीचं नाव शोधलं. सुईचं नाव, पुढे 'देऊ नये'. दोन वर्षांपूर्वी मंगलीबाईंनीच टंकलेलं.

मग तो बाईंसोबत इसरूच्या घरी गेला. इसरूनं बाज पुढे केली, पाणी दिलं.

"चूक माझी हाय," प्रफुल म्हणाला.

"तू डॉक्टर होय?"

"नाई."

"मंग?"

प्रफुलनं सांगायला सुरुवात केली. प्रोग्राम, फाइल, ओळ. बाई ते इसरूला माडिया बोलीत सांगत गेल्या आणि मधेच थांबल्या. त्यांच्या भाषेत त्याला शब्द नव्हते. इसरू ऐकत होता.

"आता चालू झालं ते?" त्यानं विचारलं.

"झालं."

"तिचं नाव हाय त्यात?"

"हाय."

इसरू उठून घरात गेला. बराच वेळ बाहेर आला नाही, तेव्हा बाई म्हणाल्या, "चला भाऊ."

चंद्रपूरला आल्यावर प्रफुलनं फाइल परत बसवल्याचं भूपेश सरांना सांगितलं. मुलीचंही सांगितलं. सर खाली बघत म्हणाले, "चांगलं केलं, बसवली ते." त्यानंतर कोणीच काही विचारलं नाही. कुठं काही लिहिलं गेलं नाही.

प्रफुल अजून तेच काम करतो, कारण दुसरं त्याला येत नाही. नवे प्रोग्राम सगळे खुणांवरच चालतात आणि बरोबर चालतात. गावी गेला की डोमा विचारतात, "काऊन बोलत नाईस तू?" तो जेवतो, हात धुतो आणि तलावाच्या पाळीवर जाऊन बसतो.