एटोबिकोतले सुके बोंबील

टोरांटोला उतरलो, तर न्यायला आलेल्या माझ्या मुलीचं, सईचं, तोंड एवढंसं. घरमालकाने घर विकलं होतं आणि महिनाअखेर तिला खोली सोडायची होती. "बाबा, तुम्ही आलात फिरायला, आणि आता घरं शोधत फिरणार!" म्हटलं, चला, हेही पर्यटनच.

वॉनपासून व्हिटबीपर्यंत चार दिवस बर्फ तुडवला. कुठे भाडं परवडेना, कुठे बस जाईना. पाचव्या दिवशी एटोबिकोत एक बेसमेंट (राहण्याजोगं केलेलं तळघर) बघायला गेलो. दार उघडणाऱ्या बाईंच्या गळ्यात क्रूस. मी इंग्रजी वाक्य जुळवतोय, तोच त्या म्हणाल्या, "अहो, मराठीत बोला की! मी फिलोमिना, वसईची."

मी चाट पडलो. महाराष्ट्रात अनेक धर्मांचे लोक गुण्यागोविंदाने राहतात, हे पुण्याच्या शाळेत मी तीस वर्षं भूगोलात शिकवलं, पोरांकडून अधोरेखित करून घेतलं. पण वेगळ्या धर्माच्या कुणाकडे कधी जेवलो नव्हतो.

तळघर झकास होतं. मी ऐटीत सांगून टाकलं, "आम्ही शुद्ध शाकाहारी. तुम्हाला काही त्रास नाही."

बाईंचा चेहरा पडला. "मग नाही जमायचं हो. मागचे टेनंट शाकाहारीच होते. वर बोंबील भाजले, की खालून लगेच टेक्स्ट!"

शाकाहारापायी नकार! अपमानाने माझे कान तापले. तेवढ्यात सई म्हणाली, "काकू, मी सगळं खाते."

"कधीपासून?" मी ओरडलोच.

"बाबा, नंतर बोलू."

"मग जेवूनच जा," बाई खूश झाल्या. "आणि दारातला स्नो शोव्हल करून बाजूला काढावा लागेल हं, आळीपाळीने."

सुक्या बोंबलांची चटणी आली, तांदळाची भाकरी आली. माझ्यासाठी वरणभात. पोरगी बोटं चाटत होती आणि मी नाक मुठीत धरून घास गिळत होतो. पण निघताना किल्ली सईच्या हातात होती. खरं सांगतो, मला रडूच आलं.

पुण्याला परतलो, त्याच आठवड्यात सोसायटीची बैठक होती. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटसाठी एका ख्रिस्ती कुटुंबाने विचारलं होतं.

"मासळीचा वास येईल," सेक्रेटरी म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"येऊ दे," मी म्हणालो.

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. एकाने तर माझ्या मनाच्या मोठेपणाचं कौतुक केलं. आजवर असं कुणी विचारलं, की 'नको' म्हणून पहिला हात माझाच वर जायचा.