कूलरसमोरची गोधडी

एप्रिल संपत आला की नागपुरात कूलरसमोरच्या जागेवरून सख्ख्या भावंडांत भांडणं लागतात. त्या वर्षी मी मात्र कूलर बंद करायला लावायचे आणि गोधडी ओढून बसायचे.

वाडीत आमची भाड्याची एक खोली. बाबा ट्रकवर, महिन्यातले बरेच दिवस बाहेर, त्यामुळे घरात मी आणि आई. मी पोलीस भरतीची तयारी करत होते. मैदानावर कुणीतरी म्हणालं, अंग हलकं तर पाय हलके. झालं. मी भात सोडला, तेल सोडलं, एका पोळीवर दोन्ही वेळा पळायला लागले. गाल बसले तशा शेजारच्या बायका कौतुक करायला लागल्या. त्यांचं काय जातंय कौतुक करायला! इकडे दिवसभर माझ्या डोक्यात नुसतं जेवण. पुस्तक उघडलं की पुरणपोळी आठवायची आणि स्वतःची चीड यायची, एवढी कशी मी हावरट.

पाळी चुकली, पुन्हा चुकली. मला बरंच वाटलं, पळताना कटकट नाही. आईला मात्र कपाटातलं न फोडलेलं पॅडचं पाकीट दिसलं.  एका सकाळी ती एवढंच म्हणाली, "चाल वं, दवाखान्यात जाऊ." ऑटोत तिला काय वाटतंय ते मला कळलं आणि मी इतकी संतापले की तिच्याकडे बघितलंच नाही.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. तसलं काही नव्हतं. आईनं डोळे मिटून घेतले.

"चरबी म्हणजे नुसता साठा नाही," बाई मला म्हणाल्या. "किती शिल्लक आहे, हे ती रक्तातून मेंदूला सारखं कळवत असते. तुझा साठाच संपत आलाय. मेंदूला वाटलं, दुष्काळ पडला. मग त्यानं खर्च आवरला. ऊब कमी केली, पाळी थांबवली. आणि भूक वाढवली, कारण त्याला तुला जगवायचंय."

म्हणजे मी हावरट नव्हते. मला तिथंच रडू आलं.

"पळणं बंद का?" मी विचारलं.

"थोडे दिवस कमी. आधी जेवण. अशानं हाडं ठिसूळ होतात, मग कसली भरती?"

परतताना आई म्हणाली, "मले वाटलं होतं..."

"माहीत आहे मले. विचारायचं तरी होतं."

"भेव लागलं वं. हो म्हणाली असती तर?"

घरी तिनं हरभरा डाळीचे गोळे घालून गोळाभात केला. फोडणीच्या तेलाची पळी भातावर धरून माझ्याकडे बघत राहिली. मी ताट पुढे केलं आणि तिच्याकडे पाठ करून जेवायला बसले. राग काय लगेच जातो थोडाच.

ती मात्र कूलर लावेना. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते भाजून काढणारे नऊ दिवस, लागला तरी मानेवर ओला पंचा टाकून घामानं निथळत बसायची. लाव म्हटलं तर म्हणायची, "मले नाही होत गरम." खोटारडी.

मग एका दुपारी मी जेवून उठले आणि सरळ जाऊन कूलरचं बटण दाबलं. आई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"काहून वं," तिनं हळूच विचारलं, "गरम होऊन राहिलं का तुले?"

"हो. उकडून राहिलं."

सूप बाजूला सारून ती पदरात तोंड घालून रडायला लागली. मी सरकले आणि कूलरसमोर तिला जागा करून दिली.